मायनोचा पिवळा

"कुठल्या मेलीनं माझ्या भिंतीला नखं लावली?"

मायनो हांसदा ओसरीत उभी राहून ओरडली. भिंती रंगवायचा सोहरायचा सण दोन दिवसांवर आलेला. भिंतीवर मोर, बैल, भाताच्या लोंब्या, सगळं पिवळंधमक. आणि खाली, बसल्या माणसाच्या हाताशी, वीतभर रंग खरवडलेला.

शेजारीण झानो कुंपणावरून हसली. "बकरी असेल गं. तिलाही आवडला तुझा रंग."

"तुझ्या भिंतीकडं बकरीसुद्धा फिरकत नाही, ते बघ आधी."

गावातल्या बायका पिवळी माती टेकडीवरून आणत. मायनोचा रंग तिच्या घमेल्यात तयार होई. लेक सोमाय खदानीच्या कारखान्यात पिवळ्या भुकटीची पिंपं भरायचा. त्याचे कपडे धुतले की पाणी पिवळं होई, अन् घटकाभरात नितळ. भुकटी विरघळत नसे. जड, ती तळाला बसे. वर्षभर साठवून मायनोनं ती मातीत कालवली. असला पिवळा पंचक्रोशीत नव्हता. उरलेले गोळे तिनं मडक्यात झाकून ठेवले होते. कशाचे, ते सुनेलाही सांगितलं नव्हतं.

सून सालगे खांबाला टेकून बसली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आत्ता कुठं सातवा महिना. पाय सुजलेले. "सुजणारच," मायनो म्हणे, "नातू दणकट आहे माझा." तिनं सुनेला घागरीला हात लावू दिला नव्हता.

तेवढ्यात कामगारांची घरं तपासणारा माणूस आत आला. त्याच्या हातातली पेटी टिकटिकत होती. भिंतीजवळ नेली तशी ती लाह्यांसारखी तडतडू लागली. तो दोन पावलं मागं सरला.

"मावशी, हा रंग आणलात कुठून?"

"माझा आहे. कुणाला देत नसते मी."

"रंग नाही हा. युरेनियमचा ऑक्साईड आहे. हाताला लागला तर धुता येतो. पोटात गेला तर हाडात घर करतो."

मायनोनं नाक मुरडलं. "अन् भिंत कोण खातंय, बाबा?"

झानो खिदळली. सालगे हसली नाही. तिनं बोटं पदराखाली घेतली अन् सासूला म्हणाली,

"आयो, रागावू नकोस. मातीचे डोहाळे लागलेत गं मला. मडक्यातले गोळे संपले, म्हणून भिंतीला हात लावला."