हेलनने खाल्लेली बोलणी

झरीच्या शिवारात मेंढरं चरत होती आणि बांधावर कासाबाई तोंड सांभाळून बसली होती. शेजारी इंग्लंडहून आलेली हेलन. हिला म्हणे मेंढरामागच्या बायकांची बोली शिकायची होती. पुस्तकातलं मराठी ती फडाफडा बोलायची, पण आठवडा झाला तरी हवं ते पदरात पडत नव्हतं. कारण पाहुणीपुढे नीट बोल, गावाची लाज काढू नकोस, अशी ताकीद व्यंकटराव मास्तरांनी कासाबाईला दिली होती. शाळेतल्यासारखं बोलून बोलून बिचारीचा जबडा आंबला होता.

"घरी बोलता तसं बोला ना," हेलन पुन्हा म्हणाली. उद्या तिला निघायचं होतं.

"आम्ही घरीसुद्धा असंच बोलतो," कासाबाईने ठोकून दिलं.

एवढ्यात दोन मेंढ्या हायब्रीड ज्वारीत शिरल्या. ज्वारी कोवळी होती. ती पोटात गेली की मेंढरू जागीच आडवं होतं. कासाबाई काठी घेऊन धावली. हेलन मात्र ज्वारीच्या कडेला उभी राहून कौतुकाने बघत होती.

"अगं ए भवाने, बघायलीस काय उगं? मरतेत की त्या! हाण त्यायला हिकडं!"

हेलन पळाली. दोघींनी मिळून मेंढ्या बाहेर काढल्या.

मग कासाबाईने जीभ चावली. परमुलखातल्या पाहुणीला आपण हे काय बोलून बसलो? पण हेलन तर धापा टाकत हसत होती. बोलणी खाऊन कोणी एवढं खूश होतं का, कासाबाईने न राहवून विचारलं.

हेलनने सांगितलं, स्पेनच्या एका कोपऱ्यात गॅलिशियन नावाची भाषा आहे. ती शिकायला हेलन एका म्हातारीकडे राहिली होती. म्हातारी तिच्याशी बोलायची ती मात्र शहरातली स्पॅनिश. घरची भाषा पाहुणीपुढे काढायला लाजायची. एकदा गाय कोबीत शिरली, हेलन बघत राहिली, आणि म्हातारी घरच्या भाषेत खेकसली. त्या दिवसापासून ती तिच्याशी तसंच बोलायला लागली.

कासाबाई काठी टेकून जवळ सरकली.

"काय म्हनली गं ती?"

"बेन्या, बुले! म्हणजे, चल, पळ लवकर."

एक मेंढी पुन्हा ज्वारीकडे निघाली होती. कासाबाईने काठी उगारली आणि ठणकावलं, "बेन्या, बुले!"

मेंढी थबकली, आणि मुकाट कळपात परतली.

"मेंढरं म्हातारीचं बी ऐकतेत की गं," कासाबाई म्हणाली.