आधी पाय टेकेल तो

अकराव्या मिनिटाला थोरल्याची उजवी मांडी थरथरायला लागली. धाकट्याला ते दिसलं नाही. एकचाकी सायकलवर जागच्या जागी उभं राहायचं तर समोरच्या एका ठिपक्यावर नजर रोवावी लागते. धाकट्याने हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीवर लिहिलेल्या ‘शांतता राखा’मधला शेवटचा काना धरला होता.

पार्किंगमधल्या दोन फरश्यांवर दोघे भाऊ चाकावर तोलून उभे होते. चाक फरशीबाहेर गेलं किंवा पाय जमिनीला टेकला की हरला. मध्ये थोरल्याची बायको. तिच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात ऑपरेशनचा कागद आणि पेन. सहीची जागा कोरी होती.

थोरला फरश्या बसवायचा. धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. चाळिशीनंतर लोक झाडं लावतात, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडतात. या दोघांनी एकचाकी धरली. रविवारी क्लब, वर्षातून दोन स्पर्धा आणि बाकीचे सहा दिवस गुडघ्याला मलम. आजही स्पर्धा अर्धी टाकून तडक इकडे आले होते. छातीवरचे नंबर अजून तसेच होते.

पण खरी स्पर्धा घरची. नको असलेलं काम आलं की दोघे चाकावर चढायचे. आधी पाय टेकेल त्याच्या गळ्यात काम. वडिलांची स्कूटर परस्पर विकली हे त्यांना कोण सांगणार, ते असंच ठरलं. वडील कोणाकडे राहणार, तेही दोन वर्षांपूर्वी असंच. धाकटा चौथ्या मिनिटाला पडला आणि वडील त्याच्याकडे राहायला गेले. वडिलांना सांगितलं, तुमच्यासाठी आम्हा भावांत चुरस लागली होती. यात खोटं काही नव्हतं.

आता वडील वर दुसऱ्या मजल्यावर होते, बेशुद्ध.

“ऑपरेशन केलं तर वाचतील असं नाही, नाही केलं तर जातीलच असंही नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “पण अर्ध्या तासात सांगा. हो की नाही, खाली मुलाची सही.”

“सुनेची चालेल का?” थोरल्याच्या बायकोने विचारलं होतं.

चालणार नव्हती.

वॉचमन आला. “साहेब, इथे गाडी लावायची नाही.”

“लावलेली नाही,” धाकटा काना न सोडता म्हणाला. “चालवतोय.”

वॉचमनने चाकाकडे बराच वेळ पाहिलं. ते चालत नव्हतं. पण लावलेलंही नव्हतं. तो डोकं खाजवत निघून गेला.

क्लबचा विक्रम साडेचौदा मिनिटांचा होता. तो मोडला तेव्हा फक्त थोरल्याच्या बायकोला कळलं. क्षणभर तिला आनंद झाला. मग त्याचीच लाज वाटली.

“दादा,” धाकटा म्हणाला, “उतर ना. तू मोठा आहेस.”

“मोठा आहे म्हणून काय प्रत्येक वेळी मीच?”

“प्रत्येक वेळी? दोन वर्षं सांभाळतोय कोण?”

“म्हणून तर म्हणतो, तुला जास्त माहीत. तूच कर सही.”

“केली असती रे. पण उद्या काही झालं तर जन्मभर ऐकवशील.”

“नाही ऐकवणार.”

“मग तूच कर. मीही नाही ऐकवणार.”

दोघेही एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते.

अठराव्या मिनिटाला नर्स धावत बाहेर आली. चपलांचा फटफट आवाज पार्किंगभर झाला. “ठरलं का? त्यांचं बीपी उतरतंय.”

“ठरवतोय,” थोरला म्हणाला.

नर्सने दोन घामाघूम माणसांकडे पाहिलं, दोन चाकांकडे पाहिलं आणि थोरल्याच्या बायकोकडे पाहिलं. तिघांपैकी कोणीच हसत नव्हतं. ती परत धावत गेली.

“ऐकलंत ना? पडा आता कोणीतरी,” थोरल्याची बायको म्हणाली. “अहो, तुम्ही तरी. भाऊजी, तुम्ही तरी!”

थोरला डावीकडे झुकला. हात हवेत फिरले. तो गेला असं तिला वाटलं आणि तिने पेन उघडलंसुद्धा. पण कमरेला कुठून तरी बळ आलं, चाक बोटभर मागे आलं आणि तो पुन्हा सरळ झाला. असा तोल त्याने कुठल्याही स्पर्धेत सावरला नव्हता. धाकटा तर खांबासारखा होता. काना त्याला आता काना दिसत नव्हता, नुसता काळा ओघळ दिसत होता.

“ढकलू का एकाला?” तिचा आवाज फाटला होता.

“वहिनी, हात लावू नका,” धाकटा म्हणाला. “हात लागला तर डाव रद्द. पुन्हा पहिल्यापासून.”

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. दोन वेळा असं झालेलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी खरंच पहिल्यापासून केलं होतं.

बावीस मिनिटं. तेवीस. घामाचा एक थेंब थोरल्याच्या नाकावर बराच वेळ लटकला आणि फरशीवर पडला. चोविसावं मिनिट संपता संपता दार उघडलं.

नर्सच होती. पण या वेळी ती चालत आली. थोरल्याच्या बायकोजवळ जाऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मग तिच्या हातातला कागद हळूच काढून घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि आली तशी परत गेली.

स्टॉपवॉच चालूच होतं.

“काय म्हणाली?” थोरल्याने विचारलं. दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही. मान वळवली की तोल जातो.

“काही नाही,” ती म्हणाली. “चालू द्या तुमचं. आता घाई नाही.”