अंतराचा वर्ग

नंदकिशोर अंधेरीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता, तरी बायकोच्या प्रश्नावर त्याला हसू आलं.

"बायकोला मंगळ असला की नवरा जातो म्हणतात. खरं का हो?" शुभाने विचारलं होतं.

"अगं, मंगळ कुठे, आपण कुठे! अंतर दुप्पट झालं की ओढ चौथा हिस्सा उरते, तिप्पट झालं की नववा. एवढ्या लांबून तो माझं काय वाकडं करणार? त्याच्यापेक्षा तूच मला जास्त ओढतेस. उशाशी बसली आहेस ना!"

शुभाचा हात त्याच्या कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या घडीवर थिजला. मुलीला मंगळ नाही, असं तिच्या वडिलांनी लग्नाच्या बोलणीत बिनदिक्कत खोटं सांगितलं होतं. मंगळ आभाळात नव्हताच. तो उशाशी बसला होता.

ती उठून पायथ्याशी जाऊन बसली. कंदील लावायच्या वेळी ताप वाढला, तशी उंबऱ्यापाशी सरकली. नंदकिशोर बरळायला लागला, तेव्हा तिने पाण्याचं भांडं त्याच्या हाताशी ठेवलं, दार ओढून घेतलं आणि थेट अंगणात येऊन उभी राहिली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"शुभा... पाणी!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती मागे मागे जात विहिरीपलीकडे पोचली.

दुसरी हाक अगदी बारीक आली. ओढ कमी होतेय, असं वाटून शुभाला जरा धीर आला.