डब्यावरची द्वारका

"आजी, हात काढ ना! बटण मी दाबते," नात वैतागली.

फोनवरच्या लिलावात एक जुना पितळी डबा निघाला होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'कु. द्वारका बेहेरे'. ती मीच. लग्नात यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मृणालिनी' लिहिलं आणि द्वारका म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं. पुढे सासूबाईंनी स्टीलच्या पातेल्यांसाठी माझा हा माहेरचा डबाही मोडीत दिला.

समोरचं कुणीतरी सारखी बोली वाढवत होतं. मी उठले, बसले, चष्मा पुसला, पुन्हा उठले. "अगं, वेळ संपतोय, दाब!"

डबा आम्हाला मिळाला. लगेच लिलाववाल्या मुलीचा फोन आला. नातीने स्पीकर लावला.

"मृणालिनी ओगले ना? डब्यावर कुणा द्वारकाचं नाव आहे. पॉलिश करताना घासून काढून टाकू?"



"टाका की," पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले. "परक्या बाईचं नाव कशाला आपल्या घरात?"

मी नातीच्या हातून फोन ओढून घेतला. "नको, नको. राहू दे ते नाव. ती इथेच राहते."