झुंबरबाईच्या विहिरीचं पाणी

झुंबरबाईने पाण्याने भरलेला तांब्या चांगदेवच्या नाकाशी धरला. "वास घ्या भाऊ. शिमग्यापासनं असंच हाय. म्हस तोंड लावंना."

पाण्यावर रंगीत तवंग होता. चांगदेवने वास घेतला. डिझेलचा वास त्याला कुणी शिकवायला नको होता. तिच्या विहिरीपासून पन्नास पावलांवर, त्याच्याच अंगणात, लोखंडी टाकी पुरलेली होती. ट्रॅक्टरचं डिझेल तो त्या टाकीतच साठवायचा.

"मोटारीचं ऑइल उतरलं असंल," तो म्हणाला.

शेजारणीचा त्याच्या शब्दावर विश्वास. विधवा बाईने माणसं लावून मोटार वर काढली, मंचरला नेली, दुरुस्त करून पुन्हा सोडली. वास तसाच राहिला. मग ती रोज सकाळी हंडा घेऊन त्याच्या दारावरून गावच्या नळाला जायची आणि जाता जाता "च्या झाला का भाऊ?" विचारायची. चांगदेव पेपर तोंडापुढे धरायचा. अवसरी बुद्रुकमध्ये ज्याचा शब्द चालायचा, तो माणूस स्वतःच्या ओट्यावर लपायला लागला.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आठ दिवसांनी त्याच्या बायकोने, प्रयागबाईनेच तोंड उघडलं. "त्या बाईचं पाणी नासवलंत, आन वर तिलाच हेलपाटे घालायला लावलेत. मला तिच्याम्होरं उभं ऱ्हावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगण खोदलं. उरलेलं डिझेल पिंपांत उपसलं आणि टाकी साखळ्या लावून वर ओढली. बुड गंजून त्याची चाळण झाली होती. खालची माती काळी आणि ओली होती.

चांगदेव आधी झुंबरबाईकडे गेला. खरं काय ते सांगितलं. विहीर उपसून देतो, पाणी निवळेपर्यंत टँकर आणतो, म्हणाला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"इतकी वर्सं गोड पाणी व्हतं भाऊ," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन तो खड्ड्याच्या कडेला बसला. टाकीसोबत मापाची काठीही बाहेर आली होती. वेळूची, खाचा पाडलेली. ती पाहून त्याला राघू आठवला.

वीस वर्षांपूर्वी भारनियमनाचे दिवस होते आणि चांगदेवची पिठाची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. टाकी त्यासाठीच पुरलेली. गिरणी राघू सांभाळायचा. मेंढरं भावावर सोपवून तो नोकरीला राहिला होता. टाकी पुरून वर्षही झालं नव्हतं, तोच काठीचा हिशेब चुकायला लागला. संध्याकाळी आठव्या खाचेपर्यंत भिजणारी काठी सकाळी सातवीपर्यंतच भिजायची. टाकीच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच, एक चांगदेवकडे, एक राघूकडे.

खंडोबाच्या देवळात चार माणसं बसली. राघूपुढे बेलभंडार ठेवला. हा उचल आणि डिझेल घेतलं नाही म्हण, विषय संपला, असं त्याला सांगितलं. राघूने दोन्ही हात पाठीमागे नेले. बेलभंडार उचलला नाही, एक अक्षर बोललाही नाही. गावाला काय समजायचं ते समजलं.

त्यानंतर त्याला कुणी कामावर ठेवलं नाही. तो पुन्हा मेंढरांमागे गेला. पोरंसोरं त्याला डिझेलवाला म्हणायची. त्याची बायको तुकाबाई मात्र वीस वर्षं ज्याच्या त्याच्याशी भांडत आली. माझा नवरा मानी हाय, असल्या आळापायी तो देवाची आण घेणार न्हाई, असं म्हणायची.

चांगदेवने गंजलेल्या बुडातून बोट आरपार घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तो दुसऱ्यांच्या भांडणात हसत हसत सांगत आला होता. आता त्याला आपल्या तोंडाचीच लाज वाटली. विहिरीचं पाणी उपसता येईल, पण एका माणसाची वीस वर्षं कुठली मोटार लावून उपसायची? त्याला रडू आलं, आणि खड्डा खोदणाऱ्यांसमोर आलं.

रविवारी त्याने सगळ्यांना देवळात बोलावलं. त्या वेळच्या चौघांपैकी चिमाजी आणि धर्माजी हयात होते, ते आले. झुंबरबाई आली. तुकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. राघू तिच्या मागे मान खाली घालून उभा होता. त्याला यायचंच नव्हतं, तिने ओढून आणलं, असं बायका म्हणत होत्या.

चांगदेवने डोक्यावरची टोपी काढून राघूच्या पायांवर ठेवली. "टाकी गळत व्हती, राघू. आन मी तुला चोर ठरवलं. गावाम्होरं ठरवलं, म्हणून गावाम्होरंच माफी मागतो."

राघू मागे सरकला. चिमाजी डोळे पुसत म्हणाला की आमचीही चूक झाली. तुकाबाईने पुजाऱ्याच्या हातातलं ताट घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं. ताटात बेल होता, भंडारा होता.

"तवा मानापायी उचलला न्हाई. आता उचला," ती म्हणाली. "समद्यांम्होरं उचला. माझ्यासाठी उचला."

राघू ताटाकडे पाहत राहिला. मग त्याने झुंबरबाईला विचारलं, "अक्का, पाण्याला वास कवापासनं?"

"ह्या शिमग्यापासनं."

"त्येच्या आदी कंदी?"

"कंदीच न्हाई. तू गिरणीवर व्हतास तवाबी पाणी गोडच व्हतं."

राघूने एकदा तुकाबाईकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.