हसू नका, आबा

"हसू नका, आबा! दात दिसले की फोटो बाद."

असं म्हणून सूर्यभान स्वतःच हसला, कारण आबांच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. पण आबांनी बोळकं पसरलं ते पसरलंच. त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. कॅमेऱ्याच्या मागे छबूबाई उभ्या होत्या, तिकडे होती.

"हाही गेला," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज आता चिरका व्हायला लागला होता.

उद्या सकाळी नगरला पासपोर्टच्या ऑफिसात तिची आणि आबांची वेळ होती. तिकडे मस्कतला कंपनीने तिच्या नवऱ्याला, अजिनाथला, घरच्यांसाठी क्वार्टर दिलं होतं. लवकर कुणी राहायला आलं नाही, तर ते दुसऱ्याला जाणार होतं. रेश्माचा फोटो ऑफिसातच निघणार होता, आबांचा मात्र इथून कर्जतहून काढून न्यायचा होता. पाठीमागे पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि दुसऱ्या कुणाचं बोटसुद्धा दिसता कामा नये.

फोटो निघाला की आबा जाणार. छबूबाई मागे राहणार, म्हशींपाशी.

"आबा, मागं माझ्यापुढं बसला हुता तवा मिशीला काय पीळ हुता!" सूर्यभानने चुटकी वाजवली. "आज पार चमनगोटा करून आलात व्हय?"

आबांची मान डावीकडे कलली. रेश्माने उशी सारखी केली. छबूबाई पुढे झाल्या, पदराने आबांच्या ओठावरची लाळ पुसली आणि जाता जाता त्यांना थोपटलं. हळूहळू, एका लयीत. आबांच्या पापण्या जड झाल्या.

क्लिक.

"डोळे मिटलेत," सूर्यभान म्हणाला.

रेश्मा सासूकडे वळली. "आत्या, तुम्ही मुद्दाम करताय."

"काय केलं मी?"

"निघताना पोटभर पेज चारलीत. आता थोपटताय. झोपणार नाहीत तर काय करतील ते?"

"मग उपाशी ठिवू त्येंला? येवढ्या उन्हाचं आणलंयस."

"तिकडं दवाखाने चांगले आहेत. हे आहेत सांभाळायला. आबांचं सगळं नीट होईल."

"हितं काय वंगाळ हाय? दूधदुभतं हाय, मी हाय." छबूबाईंचा आवाज खाली आला. "एकदा मला सोडून गेल्ते, ते परत आले. पुन्यांदा न्हाई मी जाऊ द्यायची."

सूर्यभान कॅमेऱ्याची काच पुसू लागला. सासू-सून बोलायला लागल्या की फोटोग्राफरने काच पुसावी, मग ती कितीही स्वच्छ असो.

"वयनी," तो शेवटी म्हणाला, "लाईटीचा भरवसा न्हाई. काय ते लवकर ठरवा."

"आत्या, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही दिसलात की ते हसतात."

छबूबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. पदराचा बोळा मुठीत गच्च धरला. आत एक क्षण सगळं शांत झालं. मग आबांचे ओठ थरथरले, चेहरा आक्रसला आणि ते रडायला लागले. रेश्माने समजावलं, सूर्यभानने चुटक्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. रडणं वाढतच गेलं. छबूबाईंना बाकावर सगळं ऐकू येत होतं. त्या उठल्या, पुन्हा बसल्या.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. अजिनाथ.

"आई, निघाला का फोटो?"

छबूबाईंनी दाराकडे पाहिलं.

"आई, मोबाईलवर बघून पोट भरत न्हाई गं. आबांना एकदा हातानं शिवायचंय मला. मागच्या टायमाला मला पोचता आलं न्हाई. आता तरी..."

छबूबाईंनी फोन कमरेला खोचला आणि त्या आत आल्या.

"चादर दे गं."

"आत्या—"

"पांढरी चादर दे. मी मागं बसते. मागनं धरलं म्हंजी मान पडायची न्हाई. माझं बोट दिसायचं न्हाई आन् तोंड बी."

रेश्मा जागची हलली नाही. विश्वास कसा ठेवावा? वरची ट्यूब फडफडली. सूर्यभानने तिच्याकडे पाहिलं. तिने पिशवीतली चादर काढून दिली.

छबूबाई चादरीत गडप झाल्या. आबा अजून हुंदके देत होते.

"आबा," चादरीतून आवाज आला, "मागच्या टायमाला न सांगता गेलात. ह्या टायमाला सांगून जावा."

हुंदका मधेच थांबला. आबांनी तोंड मिटलं. आवाज आला कुठून, ते डोळे मोठे करून समोर शोधू लागले. थेट कॅमेऱ्यात.

क्लिक.

आणि लाईट गेली.

"निघाला का?" अंधारात रेश्माने विचारलं. मग कॅमेऱ्याची छोटी चौकट उजळली, आणि तिच्या उजेडात सूर्यभानचे पिवळे दात.

"झक्कास! पाठीमागं पांढरं फटक. जनू कुनी न्हाईच."

चादरीखालून कुणी लगेच बाहेर आलं नाही.

इन्व्हर्टरवर प्रिंट निघाल्या. रेश्माने त्या दोनदा निरखून पाकिटात घातल्या. सूर्यभानने एक मोठी प्रिंट वेगळी काढून छबूबाईंपुढे धरली.

"वयनी, ही माझ्याकडनं. घरी भिताडाला लावा."

छबूबाईंनी पिशवीतून कुंची काढली, आबांच्या हनुवटीखाली नाडी बांधली, त्यांना उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "लावते की, ह्येच्या आज्याच्या फोटूशेजारी. आबांचा बिनहाराचा एक तरी फोटू घरात असू दे."