भिंतीचा कोपरा

पंच्याण्णव साली कोल्हारच्या बावीस भिंतींवर मी दिगंबरशेठचं नाव रंगवलं. पुढं 'युवकांचे आशास्थान', हेही त्यांनीच सांगितलेलं. सगळे पेंटर लिहितात तसं खाली कोपऱ्यात बोटभर 'अझहर पेंटर' लिहिलं, तर शेठ भडकले.

"माझ्या भिंतीवर तुझं नाव कशापायी रे? पूस ते."

बावीसच्या बावीस ठिकाणी दातओठ खात माझं नाव मीच पुसलं.

महिन्याभरात निवडणूक लागली, आचारसंहिता आली. तहसीलच्या साहेबांनी मलाच बोलावलं. "भिंतींवरची पुढाऱ्यांची नावं चुना मारून घालवायची."

दोन-दोन हात मारून सगळ्या भिंती पांढऱ्याफटक केल्या.



मग प्रत्येक कोऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं, 'अझहर पेंटर, कोल्हार'.